वैद्यकीय संशोधकाची पब्लिकेशन-वही: अभ्यासनिहाय नोंद कशी ठेवावी आणि कशी तपासावी

डॉक्टरांच्या बायोडेटात शेवटी पेपरची यादी असते. एक ते सत्तावीस, सगळ्यात नवा वर. ती वाचून त्या माणसाने एकूण किती अभ्यास केले, कशात रुग्ण स्वतः तपासले, कशात फक्त आकडेमोड केली आणि कशात नुसते नाव लागले, यातले काहीच कळत नाही. सत्तावीस पेपर एकाच कोहॉर्टमधून, म्हणजे वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेल्या एकाच गटातून, निघालेले असू शकतात. उलट पाच वर्षे खपून केलेल्या एखाद्या ट्रायलचा यादीत मागमूसही नसतो, कारण तिथे तो डॉक्टर लेखक नव्हता, 'कोलॅबोरेटर', म्हणजे गटाच्या नावाखाली काम केलेला सहकारी, होता.

म्हणून वही पेपरची न ठेवता अभ्यासांची ठेवावी. एक अभ्यास, एक पान, आणि त्या पानाखाली त्यातून निघालेले पेपर. पुढची सगळी पद्धत याच एका गोष्टीवर उभी आहे. सहायक प्राध्यापक, थिसिस नुकताच संपवलेले रेसिडेंट, रिसर्च को-ऑर्डिनेटर आणि महाविद्यालयाचे ग्रंथपाल या चौघांनाही ती चालेल.

आधी नाव पक्के करा

हे काम अर्ध्या तासाचे, पण न केल्यास पुढची वीस वर्षे निस्तरावे लागते. महाराष्ट्रात दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. उदाहरणापुरते 'पाटील सुनीता रामचंद्र' घ्या. जर्नलच्या ऑनलाइन फॉर्मात फर्स्ट, मिडल, लास्ट अशा तीन चौकटी असतात. घाईत कोणी गुणपत्रिकेच्या क्रमानेच त्या भरल्या की 'रामचंद्र' हे आडनाव होते आणि पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या मोफत शोधयादीत, लेखिका 'रामचंद्र पीएस' म्हणून कायमची बसते. पुढचा पेपर 'पाटील एसआर' आणि तिसरा, मधले नाव न घातल्याने, नुसता 'पाटील एस'. यंत्राच्या लेखी ही तीन वेगळी माणसे. त्यातल्या 'पाटील एस'मध्ये तर तालुकाभर पाटील सामावतात.

तेव्हा स्वतःचे नाव आणि मधले नाव दोन्ही घाला. पबमेड आडनावापुढे दोन आद्याक्षरे दाखवते आणि मराठी आडनावांच्या गर्दीत वेगळेपण टिकते ते दुसऱ्या आद्याक्षरामुळेच. गडचिरोलीच्या बंग दांपत्याचे पेपर शोधताना हे लगेच दिसते. डॉ. अभय बंग 'बंग एटी' आणि डॉ. राणी बंग 'बंग आरए'. मधले अक्षर पहिल्यापासून पाळल्यामुळे एकाच संस्थेतल्या, बहुतेक एकाच पेपरवरच्या दोन नोंदी कधी एकमेकींत मिसळत नाहीत.

स्पेलिंगही एकदाच ठरवा. 'व' साठी व्ही की डब्ल्यू, हा प्रश्न वाघ, भावे, गवळी सगळ्यांना पडतो. चौधरींना तर चार-पाच पर्याय उपलब्ध आहेत. पासपोर्टवर जे असेल तेच धरावे हे सोयीचे. लग्नानंतर आडनाव बदलले असेल तर पेपरवर जुनेच चालू ठेवणे सगळ्यात सोपे. कायदेशीर नाव आणि लेखक-नाव एकच असावे असा जर्नलांचा नियम सहसा नसतो. बदलायचेच असेल तर जुने नाव ऑर्किड या संशोधक-ओळख खात्याच्या (त्याबद्दल पुढे) 'या नावानेही ओळखले जाते' या रकान्यात घाला.

संस्थेच्या नावाचे तेच. पुण्यात बी. जे. मेडिकल कॉलेज आहे आणि अहमदाबादेतही आहे. केईएम रुग्णालय परळला आहे आणि पुण्यात रास्ता पेठेतही आहे. 'गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेज' इतकेच लिहिले तर नागपूर, मिरज, छत्रपती संभाजीनगर यांपैकी कुठलेही निघेल, आणि 'जीएमसी' म्हटले की बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेजही रांगेत येते. विभाग, संस्थेचे पूर्ण नाव, शहर, राज्य, देश असा एक ठराविक मजकूर करून ठेवा आणि दर वेळी तोच चिकटवा. शहराचे किंवा संस्थेचे नाव बदलले तर बदलाची तारीख वहीत टिपा, कारण डेटाबेसमध्ये जुने पेपर जुन्याच नावाखाली राहतात.

ऑर्किड आयडी

ही सोळा आकड्यांची कायमची ओळख, २०१२ पासून सुरू आणि विनामूल्य. आकडे चार-चारच्या चार गटांत येतात. शेवटच्या जागी कधी कधी 'एक्स' असतो. तो तपासणीचा अंक आहे, चूक नव्हे. काही सरकारी फॉर्म तिथे फक्त आकडाच घेतात आणि अडतात, तेव्हा शेरा रकान्यात पूर्ण आयडी लिहावा.

नोंदणी करताना दोन ईमेल द्या, एक वैयक्तिक आणि एक संस्थेचा. फक्त संस्थेचा दिला आणि बदली झाली की पासवर्ड परत मिळवताना नाकी नऊ येतात. आत गेल्यावर 'क्रॉसरेफ'ला (जर्नलांकडून पेपरांची माहिती गोळा करणाऱ्या संस्थेला) आपोआप नोंद घालण्याची परवानगी द्या. मग जर्नलला सबमिशनच्या वेळी आयडी दिलेला असेल तर छापून येताच पेपर तुमच्या खात्यात जमा होतो. अनेकांचे खाते रिकामे दिसते त्याचे कारण ही परवानगीच दिलेली नसते, किंवा सहलेखकांचे आयडी फॉर्ममध्ये घातलेले नसतात. दुसरी नेहमीची भानगड म्हणजे एकाच माणसाची दोन खाती. ती एकत्र करता येतात, पण कुठले ठेवायचे ते आधी ठरवा. ज्या आयडीवर पेपर छापले गेलेत तोच ठेवावा.

शोध कसा घ्यायचा

सुरुवात पबमेडपासून. साध्या चौकटीत नाव टाकून जे येते त्यावर विसंबू नका. 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये जा. तिथल्या यादीत 'ऑथर', 'ऑथर-कॉर्पोरेट', 'ऑथर-आयडेंटिफायर', 'अ‍ॅफिलिएशन' आणि 'इन्व्हेस्टिगेटर' असे वेगवेगळे पर्याय आहेत. निदान चार फेऱ्या घ्या.

पहिली फेरी आडनाव आणि दोन आद्याक्षरे 'ऑथर'मध्ये. दुसरी एकच आद्याक्षर घेऊन. पबमेड अपुरे नाव आपोआप वाढवून शोधते, म्हणजे 'बंग ए' टाकले तर ए-ने सुरू होणारी सगळी आद्याक्षरे येतात. ते नको असेल तर नावाला दुहेरी अवतरणचिन्हे द्या. तिसऱ्या फेरीत आडनावाला 'अ‍ॅफिलिएशन'मधल्या शहराची जोड द्या. चौथी फेरी 'इन्व्हेस्टिगेटर'मध्ये. ही चौथी फेरी बहुतेक जण घेतच नाहीत आणि मोठ्या बहुकेंद्री ट्रायलमधली नावे तिथेच दडलेली असतात.

जुन्या पेपरांच्या बाबतीत तीन मर्यादा लक्षात ठेवा. लेखकाचे पूर्ण नाव पबमेडमध्ये २००२ पासूनच्या पेपरांनाच मिळते. २०१४ च्या आधी सर्वसाधारणपणे फक्त पहिल्या लेखकाची संस्था नोंदली जाई, त्यामुळे १९९८ चा पेपर तिसऱ्या लेखकाच्या शहरावरून सापडणार नाही. आणि १९८४ ते १९९५ या काळात दहाच लेखक नोंदले जात. अकराव्या क्रमांकावरचा डॉक्टर छापील अंकात आहे, पबमेडमध्ये नाही. ज्येष्ठ प्राध्यापकांचे पेपर 'गायब' झाले असे वाटते तेव्हा बहुधा यातलेच काहीतरी असते. अशा वेळी पेपरच्या पहिल्या पानाची स्कॅन प्रत हाच पुरावा.

स्कोपस ही दुसरी मोठी शोधयादी स्वतःहून प्रत्येक लेखकाचा आयडी तयार करते आणि स्पेलिंग किंवा संस्था बदलली की दुसरा तयार करून मोकळे होते. दोन-तीन आयडी निघाले तर लेखक-दुरुस्तीच्या फॉर्ममधून ते जोडून घ्या. यात पैसे लागत नाहीत. गुगल स्कॉलर सगळ्यात जास्त नोंदी देते आणि सगळ्यात जास्त कचराही. परिषदेतले गोषवारे, थिसिसच्या पीडीएफ, एकाच पेपरच्या दोन प्रती, नामसाधर्म्याने आलेले परक्याचे पेपर, सगळे एकाच ताटात. प्रोफाइलमध्ये आपोआप भर घालण्याची सोय बंद करून 'आधी विचारा' हा पर्याय निवडा.

शेवटी सीटीआरआय, म्हणजे भारताची क्लिनिकल ट्रायल नोंदवही. ही २० जुलै २००७ ला सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषध महानियंत्रकांनी ट्रायलची नोंद सक्तीची केली. इथे नावाने आणि संस्थेने शोधा. प्रत्येक नोंदीत प्रमुख संशोधक, अभ्यासाच्या जागा, प्रत्येक जागेचा संशोधक, एथिक्स कमिटीची मंजुरी, नोंद रुग्णभरतीच्या आधीची की नंतरची आणि हा पदव्युत्तर थिसिस आहे की नाही, हे सगळे उघड दिसते. पबमेड सांगते काय छापले. काय सुरू केले होते ते कळते सीटीआरआयवरून. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की न छापलेले अभ्यास आपोआप उघडे पडतात.

वही

साधी एक्सेल पुरते. एका ओळीत एक अभ्यास. रकाने असे: अभ्यासाचे छोटे नाव, सीटीआरआय क्रमांक व नोंदणीची तारीख, एथिक्स मंजुरीचा क्रमांक व तारीख, पहिला रुग्ण घेतल्याची तारीख, प्रकार (रँडमाइझ्ड, कोहॉर्ट, केस-कंट्रोल, केस सिरीज), ठरवलेली आणि प्रत्यक्षातली रुग्णसंख्या, केंद्रे किती आणि त्यातले आपले कुठले, आपल्या केंद्राचे रुग्ण, पैसा कोणाचा, आपली भूमिका, निघालेले पेपर, सद्यस्थिती.

तारखांचे तीन रकाने एकमेकांशेजारी ठेवण्यामागे कारण आहे. क्रम असाच हवा: एथिक्स मंजुरी, मग सीटीआरआय, मग पहिला रुग्ण. १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआय फक्त भरतीपूर्व नोंदणी स्वीकारते. थिसिसमध्ये हमखास चुकते ते इथेच. सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, विद्यापीठात जमा होतो, एथिक्स कमिटीची बैठक लांबते, रेसिडेंटला वेळ जातोय असे वाटते आणि तो ओपीडीत रुग्ण घ्यायला लागतो. मंजुरी मिळाल्यावर नोंदणी करायला बसला की पहिल्या रुग्णाची तारीख मागची निघते. मग थिसिस पास होतो, पण ट्रायल चांगल्या जर्नलमध्ये जात नाही, कारण भरतीआधीची नोंद ही वैद्यकीय जर्नलांच्या आंतरराष्ट्रीय संपादक समितीने २००५ पासून घातलेली अट आहे. तारीख पुढची लिहून वेळ मारून नेणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की संमतीपत्रावर रुग्णाच्या सहीशेजारी खरी तारीख असते. सीटीआरआयची छाननीही एका दिवसात होत नाही, शंका येतात, उत्तरे द्यावी लागतात. काही आठवडे हाताशी धरा.

रुग्णसंख्येच्या दोन रकान्यांतही बरेच दडलेले असते. नोंदीत २०० आणि पेपरमध्ये ११२ असेल तर मधल्या ८८ चे काय झाले हे पेपरात सापडायला हवे. मुख्य निष्कर्ष-मापन बदलले असेल तर तेही. सीटीआरआयवर नोंद शेवटी कधी बदलली ते दिसते आणि जर्नलचे परीक्षक ते पाहतात.

'आपली भूमिका' हा रकाना गोलमोल भरू नका. 'सहसंशोधक' याला काही अर्थ नाही. 'आपल्या केंद्रातल्या ४१ रुग्णांची भरती व सहा महिन्यांचा फॉलोअप', 'अल्ट्रासाउंडचे वाचन, गट माहीत नसताना', 'सांख्यिकी विश्लेषण' असे लिहा. 'क्रेडिट' नावाची चौदा भूमिकांची प्रमाणित यादी आहे आणि बरीच जर्नले ती मागतात. वहीत आधीच लिहिलेले असेल तर सबमिशनच्या रात्री सहलेखकांना फोन करत बसावे लागत नाही.

आता एका अभ्यासाखाली अनेक पेपर कसे येतात ते पाहा. पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचा गट यांचे हे सहकार्य. त्यातून आईच्या आहाराचे आणि बाळाच्या जन्मवजनाचे पेपर आले, त्यात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचाही हात होता. कमी वजनाच्या भारतीय बाळात चरबी मात्र टिकून असते हे दाखवणारा पेपर २००३ चा. तीच मुले सहा वर्षांची झाल्यावर आईचे बी-१२, फोलेट आणि मुलांमधला इन्सुलिन रेझिस्टन्स यांचा संबंध मांडणारा २००८ चा. वहीत हे एकच पान, एकच कोहॉर्ट, त्याखाली तारीखवार पेपर. असे नोंदवले नाही तर पुढे कोणी अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करणारे मेटा-अ‍ॅनालिसिस करताना तीच मुले दोनदा मोजतो.

उलटे उदाहरण गडचिरोलीचे. बंग दांपत्याच्या 'सर्च' या संस्थेचा नवजात बालकांच्या घरोघरी सेवेचा क्षेत्रीय प्रयोग १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला: ३९ गावांत सेवा, ४७ गावे तुलनेला, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी. पुढे 'अंकुर' या नावाने महाराष्ट्रातल्या सात ठिकाणी इतर संस्थांनी तेच काम करून पाहिले. विषय तोच, पद्धत तीच, पण लोकसंख्या वेगळी आणि कार्यकर्ते वेगळे. म्हणून वहीत हे दुसरे पान. कोणाच्या पब्लिकेशन रेकॉर्डचे वजन करायचे असेल तर हा फरक पेपरच्या संख्येपेक्षा फार मोलाचा: एका माणसाच्या कामाची दुसऱ्या जागी पुन्हा परीक्षा झाली की नाही.

बहुकेंद्री अभ्यासात सही करण्याआधी

सहकार्याचे बोलणे बहुधा परिषदेच्या जेवणाच्या रांगेत होते आणि कागद शेवटी येतो. क्रम उलटा हवा. पहिला रुग्ण घेण्याआधी दोन-तीन पानांचा प्रकाशन-करार झालेला असावा आणि त्यात पाच गोष्टी स्पष्ट असाव्यात: मुख्य पेपरचे लेखक कसे ठरणार, केंद्राला लेखकाची एक जागा मिळण्यासाठी किमान किती रुग्ण द्यायचे, आपल्या केंद्राचा डेटा आपण स्वतंत्रपणे कधी वापरू शकतो, दुय्यम पेपरचा प्रस्ताव कोणाकडे द्यायचा, आणि पुरस्कर्त्याचा (अभ्यासाला पैसा देणाऱ्याचा) प्रकाशनावर कितपत ताबा. शेवटच्या कलमात हस्तलिखित पाहण्यासाठी ३० ते ६० दिवस देणे ठीक. 'पुरस्कर्त्याच्या लेखी परवानगीशिवाय प्रकाशन नाही' हे वाक्य दिसले तर सही थांबवा. निकाल गैरसोयीचा आला की ती परवानगी येत नाही.

आपल्या केंद्राची आकडेवारी मुख्य पेपरच्या आधी छापू नये. इतर केंद्रे दुखावतात हा भाग वेगळाच, पण तुकड्याचा निकाल पूर्ण निकालाच्या विरुद्ध जाऊ शकतो.

एथिक्सची मंजुरी प्रत्येक केंद्राला लागते. केंद्राची स्वतःची कमिटी नसेल तर २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली दुसरी नोंदणीकृत कमिटी चालते. औषधाची ट्रायल असेल तर कमिटी केंद्रीय औषध नियंत्रकांकडे नोंदलेली हवी, इतर जैववैद्यकीय संशोधनासाठी आरोग्य संशोधन विभागाकडे. दोन्ही नोंदण्या वेगळ्या आहेत आणि एकीवर दुसरी चालत नाही. परदेशी निधी किंवा परदेशी भागीदार असेल तर आयसीएमआरमार्फत (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत) आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. सीरम किंवा ऊती बाहेर जाणार असतील तर साहित्य-हस्तांतरणाचा करारही. हे सगळे प्रस्तावाच्या वेळापत्रकात आधीच धरा, नाहीतर अनुदानाचे पहिले वर्ष कागदांतच जाते.

कोलॅबोरेटर म्हणजे काय, आणि ते नाव कसे टिकवायचे

कोविडच्या काळातली आयसीएमआरची प्लाझ्मा ट्रायल 'प्लॅसिड' पबमेडमध्ये उघडून पाहा. सीटीआरआय/२०२०/०४/०२४७७५, देशभरातली ३९ रुग्णालये, ४६४ रुग्ण, ऑक्टोबर २०२० मध्ये बीएमजेत प्रसिद्ध. लेखकांच्या ओळीत सहा नावे आणि सातव्या जागी 'प्लॅसिड ट्रायल कोलॅबोरेटर्स'. वॉर्डात पीपीई घालून रुग्ण घेणारे डॉक्टर त्या सातव्या नावाच्या पोटात आहेत. क्रॅश-२ या, रक्तस्राव थांबवणाऱ्या ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिडच्या ट्रायलमध्ये २०१० साली ४० देशांतली २७४ रुग्णालये आणि २०,२११ रुग्ण होते. तीही गटाच्याच नावाने छापली गेली आणि तिच्यात भारतातली रुग्णालयेही होती.

अशा पेपरात तुमचे नाव पबमेडच्या 'कोलॅबोरेटर्स' यादीत येते ते दोनच अटींवर: लेखकांच्या ओळीत गटाचे नाव हवे, आणि सदस्यांची यादी पेपराचा भाग म्हणून प्रकाशकाने डेटाबेसला द्यायला हवी. यादी नुसती पुरवणी पीडीएफमध्ये टाकली तर ती माणसे वाचतील, शोधयंत्र वाचणार नाही. म्हणून प्रूफ येते तेव्हा मध्यवर्ती कार्यालयाला एकच प्रश्न विचारा, की यादी लेखात आहे की पुरवणीत.

नावांचा तक्ता को-ऑर्डिनेटरने भरती सुरू असतानाच प्रत्येक केंद्राकडून भरून घ्यावा: नाव, मधले नाव, आडनाव हे वेगवेगळ्या रकान्यांत, ऑर्किड, संस्थेचा ठराविक मजकूर, आणि कोण कुठून कुठवर कामावर होते त्या तारखा. तीन वर्षांनी मागितला तर निम्मे रेसिडेंट निघून गेलेले असतात आणि उरलेले विभागप्रमुखांना विचारून अंदाजाने लिहितात.

कोलॅबोरेटर असणे हे लेखक असण्याच्या बरोबरीचे नाही, आणि बायोडेटात ते वेगळ्या मथळ्याखालीच दाखवावे. लेखकांच्या यादीत मिसळून टाकणे ही छोटीशी लबाडी वाटते, पण मुलाखतीला आलेला परीक्षक फोनवर पबमेड उघडतो आणि अर्ध्या मिनिटात ती उघडी पडते.

लेखक कोण, याच्या त्याच आंतरराष्ट्रीय संपादक समितीच्या चार अटी आहेत आणि चारही एकदम पूर्ण व्हाव्या लागतात: कल्पना, आराखडा, डेटा मिळवणे किंवा त्याचा अर्थ लावणे यांत भरीव वाटा; मसुदा लिहिणे किंवा त्यावर गंभीर टीकाटिप्पणी; अंतिम मसुद्याला संमती; आणि कामाच्या प्रत्येक भागाबद्दल जबाबदारी. चौथी अट २०१३ मध्ये जोडली गेली. नुसता निधी आणणे, विभागप्रमुख असणे, मशीन वापरू देणे यांनी लेखक होता येत नाही, ते आभारात. पण अटींचा दुसरा अर्थही तितकाच खरा आहे. ज्याने डेटा गोळा केला त्याला मसुदा वाचायची संधीच न देता 'तू दुसरी अट पूर्ण केली नाहीस' म्हणून वगळणे हे नियमात बसत नाही.

थिसिसचा पेपर असेल तर रेसिडेंट पहिला लेखक आणि गाइड करस्पाँडिंग ऑथर, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक, ही वाटणी सगळ्यात कमी त्रासाची. जर्नलच्या परीक्षकांचे प्रश्न आठ महिन्यांनी येतात तेव्हा रेसिडेंट तिसऱ्याच शहरात असतो.

कुठले पेपर कुठे मोजले जातात

पदोन्नतीचे नियम बदलत आले आहेत. २०१५ मध्ये मेडिकल कौन्सिलने पहिल्या दोन लेखकांनाच श्रेय दिले आणि ई-जर्नले वगळली. फेब्रुवारी २०२० च्या बदलात पहिले तीन लेखक किंवा करस्पाँडिंग ऑथर, आणि मूळ संशोधनासोबत मेटा-अ‍ॅनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू व केस सिरीज आल्या. नंतर कौन्सिलच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ आणि २०२५ मध्ये नियम पुन्हा काढले. म्हणून वहीत प्रत्येक पेपरपुढे लेखाचा प्रकार, एकूण लेखक, आपला क्रमांक, करस्पाँडिंग होय की नाही, आणि स्वीकृतीच्या दिवशी जर्नल कुठल्या डेटाबेसमध्ये इंडेक्स्ड, म्हणजे नोंदलेले, होते हे लिहून ठेवावे. नियम बदलला की चाळणी बदलायची, वही नाही. अर्जाच्या तारखेला लागू असलेले राजपत्र मात्र स्वतः वाचा, सहकाऱ्याच्या आठवणीवर जाऊ नका.

'पबमेडमध्ये आहे' आणि 'मेडलाइनमध्ये आहे' या दोन वेगळ्या गोष्टी. पबमेड सेंट्रल या पूर्ण लेखांच्या संग्रहात ठेवलेला पेपर पबमेडमध्ये दिसतो, पण जर्नल मेडलाइनसाठी, म्हणजे पबमेडमधल्या निवडक जर्नलांच्या यादीसाठी, निवडलेले असेलच असे नाही. खात्री करायची तर एनएलएमच्या (अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या) कॅटलॉगमध्ये जर्नलचा आयएसएसएन हा ओळख-क्रमांक टाका आणि 'सध्याची इंडेक्सिंग स्थिती' ही ओळ वाचा. सरावासाठी परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज व केईएम रुग्णालयाच्या स्टाफ सोसायटीने १९५५ मध्ये सुरू केलेले जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन काढून पाहा, म्हणजे खरी नोंद कशी दिसते ते कळेल. जर्नलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचे लोगो हा पुरावा नाही. हुबेहूब नावाची बनावट संकेतस्थळे असतात, तेव्हा पत्ता कॅटलॉगमधूनच उघडावा. स्कोपस जर्नले काढूनही टाकते. त्या दिवशीच्या पानाची तारखेसह छापील प्रत फाइलला लावा.

आकडे

एच-इंडेक्स काढणे सोपे आहे: जितक्या पेपरांना प्रत्येकी किमान तितकी उद्धरणे, तो एच. समजा पेपरांची उद्धरणे ४०, १८, ९, ६, ५, ३, २ अशी आहेत. पाच पेपरांना किमान पाच-पाच उद्धरणे आहेत, सहाव्याला तीनच. म्हणून एच ५, एकूण ८३. आता यात जागतिक कन्सॉर्टियमचा तीन हजार उद्धरणांचा एक पेपर मिळवा, ज्यात हा डॉक्टर दोनशे लेखकांपैकी एक आहे. एच पाचच राहतो आणि एकूण आकडा ३,०८३ होतो. बायोडेटात नेमका हा दुसरा आकडा ठळक छापलेला असेल तर का, ते समजून घ्या. आकडा द्यायचाच तर स्रोत आणि तारीख लिहा. स्कॉलरचा एच बहुधा स्कोपसपेक्षा मोठाच दिसतो.

चूक निघाली तर

पबमेडमधली नावाची चूक पबमेडला लिहून सुटत नाही. जर्नलला लिहा, प्रकाशक आपला डेटा दुरुस्त करून पुन्हा पाठवतो. छापील लेखातच चूक असेल तर शुद्धिपत्र निघते आणि मूळ नोंदीला जोडले जाते. प्रूफ ४८ तासांत परत मागतात, त्या घाईत सगळे जण तक्ते तपासतात आणि स्वतःचे नाव वाचत नाहीत. आधी नावे, मग संस्था, मग सीटीआरआय क्रमांक, मग बाकीचे.

एखादा पेपर मागे घेतला गेला असेल तर तो यादीतून पुसू नका. 'मागे घेतला' असे लिहून सूचनेची तारीख द्या.

संस्था सोडताना

बदली किंवा राजीनाम्याच्या आधी तीन कामे. चालू अभ्यासाचा नवा प्रमुख संशोधक एथिक्स कमिटीला लेखी कळवा आणि मंजुरी घ्या. सीटीआरआयच्या नोंदीत नाव व संपर्क बदला; त्या खात्याचा ईमेल तुमच्याच नावाचा असेल तर मागे राहिलेल्याला निकाल भरता येत नाही आणि अभ्यास वर्षानुवर्षे 'भरती पूर्ण' या अवस्थेत लटकतो. तिसरे, एथिक्स मंजुरीची पत्रे, करार आणि नावांचा तक्ता यांच्या प्रती वहीसोबत ठेवा. रुग्णांची नावे, नोंदणी क्रमांक, संमतीपत्रे असलेली फाइल मात्र संस्थेची असते, ती तिथेच राहते.